थेंबाचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्या गाडीची आठवण ठेवायची, तर सुरुवात आपल्या न्हाणीघरापासून करू या.

ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री तांब्या ठेवा. सकाळी तो भरलेला दिसेल. अनेकदा दोष असतो तो झिजलेल्या वायसरचा, आणि तो बदलायला अगदी थोडे पैसे लागतात. नळाच्या तोंडाला एरेटरची जाळी बसवली की पाण्यात हवा मिसळते. धार भरघोस वाटते, पाणी मात्र कमी जातं.

फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास थांबा. फ्लश न करताच भांड्यात रंग उतरला, तर टाकी गळते आहे. टाकी जुनी, मोठी असेल तर एक लिटरची भरलेली बाटली आत उभी करा, फक्त फ्लोटला अडथळा नको. दर फ्लशला लिटरभर पाणी वाचेल.

पाणी वाचवायला धरणच बांधावं लागतं असं नाही. येत्या रविवारी घरातला प्रत्येक नळ तपासा, आणि गळका असेल तो त्याच दिवशी दुरुस्त करा.