हृदयाची मध्यस्थी

चांगल्या मनाचा मनुष्य वाईट राजवटीची चाकरी करूं लागला, तर त्याच्या चांगुलपणाची किंमत काय उरते? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न सुटसुटीत दिसतो. पण एखाद्या प्रत्यक्ष आयुष्याशीं तो ताडून पाहूं लागलें म्हणजे तसा राहत नाहीं. थिआ फॉन हार्बो (१८८८–१९५४) या जर्मन चित्रपटलेखिकेचें आयुष्य या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे.

फ्रिट्झ लांग या विख्यात दिग्दर्शकाची ही पत्नी. पण केवळ पत्नी म्हणून तिची ओळख करून देणें अन्यायाचें होईल. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या मूकपटाची कथा तिची. वर धनिकांची विलासनगरी, खालीं भूगर्भांत यंत्रांना जुंपलेले मजूर, आणि अखेरीस मालकाचा मुलगा दोन्ही पक्षांचे हात एकमेकांच्या हातीं देतो! मस्तक आणि हात यांच्यामध्यें हृदयानें मध्यस्थी करावी, हें त्याचें तात्पर्य. ऐकावयास तें मोठें गोड लागतें. परंतु मजुरांच्या दहा तासांच्या पाळीचें जें अजस्र घड्याळ आपणांस आरंभीं दाखविलेलें असतें, त्याचें या हस्तांदोलनानंतर काय झालें? चित्रपट त्याविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. ज्या हृदयाला हिशेब विचारण्याची संवय नाहीं, तें कोणत्याहि धन्याच्या कामीं येऊं शकतें, अशी शंका माझ्या मनांत तेथेंच येते.

१९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला. लांगची आई जन्मानें ज्यू होती. त्यानें देश सोडला. दोघांचा घटस्फोटहि त्याच वर्षीं झाला. हार्बो मात्र राहिली, नाझी पक्षाची सभासद झाली, आणि लिहीत राहिली. १९३७ च्या ‘देर हेर्शेर’ या चित्रपटाच्या लेखनांत तिचा हात आहे. त्यांतील वृद्ध कारखानदार आपल्या मुलांना बाजूला सारून सारा कारखाना राष्ट्राला अर्पण करतो. येथें मध्यस्थाची गरजच उरलेली नाहीं; मस्तकानें आज्ञा करावी, एवढेंच शिल्लक आहे.

आणि याच बाईनें बेळगांवकडील अयी गणपत तेंडुलकर या तरुण पत्रकाराशीं, वर्णाभिमान हाच ज्या राज्याचा धर्म त्या राज्यांत, गुप्तपणें विवाह केला होता! हिंदी लोकांना साह्य करतां यावें म्हणून आपण पक्षांत शिरलों, असें तिनें युद्धानंतर सांगितलें. हें खोटें मानण्याचें मला कारण दिसत नाहीं. पण खरें मानलें तरी प्रश्न सुटत नाहीं, उलट अधिक बिकट होतो. जवळच्या माणसांवरील माया ही दूरच्या माणसांवरील अन्यायाची भरपाई कशी व्हावी? तेंडुलकरांना आधार मिळाला, ठीक. पण त्या आधाराची किंमत ज्यांना मोजावी लागली, त्यांना कोणी विचारलें होतें काय?

तिला न्यायाची जाणीवच नव्हती, असें म्हणून तिची सुटका करतां येत नाहीं. लांगसह तिनें लिहिलेल्या ‘एम्’ (१९३१) या बोलपटांत बालहत्या करणाऱ्या नराधमाला शहरांतील गुन्हेगार पकडून आणतात व स्वतःच न्यायाधीश होऊन बसतात. तेथेंहि एक वकील उभा राहतो आणि या माणसाला कायद्याच्या हातीं द्या म्हणून जमावाशीं भांडतो. जमावाचें तोंड कसें असतें, हें तिला १९३१ सालींच ठाऊक होतें. तेव्हां तिचे चित्रपट जरूर पाहावे, त्यांतल्या त्यांत ‘एम्’ तर पुनःपुन्हां पाहावा. मात्र ‘मेट्रोपोलिस’च्या शेवटीं प्रेक्षागृहांत टाळ्या वाजूं लागल्या, तर माझे हात त्यांत सामील होणार नाहींत.