तुझ्या शॉपचा करार तुझ्याच शॉपमध्ये

चि. मुग्धास,


कामगारांनी मागणीपत्र दिल्याचं कळलं. शेजारच्या मोठ्या कंपनीतला करारच उतरवून घेऊ का, असं तू विचारलंस. तसं करू नकोस. भोसरीतल्या चाळीस माणसांच्या मशीन शॉपला ते आकडे झेपणार नाहीत. पण ‘परवडत नाही’ म्हणून मागणीपत्र बाजूला ठेवणंही तितकंच चूक.

मुंबईच्या गिरण्या आठव. 1946 च्या कायद्याने सगळ्या गिरण्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकाच युनियनला मिळाला. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला, तरी बोलणी तिच्याशीच. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, त्यात चांगली चाललेली गिरणी आणि डबघाईला आलेली गिरणी एकाच मापाने मोजली गेली. ठाणे-पुण्याच्या इंजिनिअरिंग पट्ट्यात मात्र कारखान्यागणिक करार होत आले. ज्याची ऐपत जास्त, त्याच्याकडून जास्त मागता आलं.

या पद्धतीचा धोकाही ओळख. मोठ्या कारखान्यात कामगारांमागे युनियन असते, वकील असतो. तुझ्यासमोर चार माणसं बसतील, त्यांना नोकरीची धास्ती असेल. त्यांच्या धास्तीवर करार स्वस्तात उरकलास, तर चांगला सेटर वर्षभरात चाकणला जाईल. 1971 च्या कायद्याने युनियनच्या मान्यतेची तरतूद पन्नास कामगारांपासून लागू केली. त्या आकड्याच्या आत राहायला दुसऱ्या नावाने फर्म काढ, असं सांगणारे भेटतीलच. त्यांचं ऐकून शॉप खुरटवू नकोस.

जर्मनीतल्या धातू उद्योगाने 2004 मध्ये फोर्झहाइमच्या करारात मधली वाट काढली. दर सगळ्या उद्योगासाठी ठरलेले, पण अडचणीतल्या कारखान्याला युनियनच्या संमतीने त्यातून सूट. त्यासाठी मालकाने आपली खरी स्थिती दाखवायची. तूही तेच कर. किमान वेतन आणि दर जानेवारी-जुलैत बदलणारा विशेष भत्ता हा पाया. त्याला हात लावायचा नाही, घासाघीस त्याच्या वर.

मग ऑर्डरबुक, बँकेचा हप्ता, रिजेक्शन हे सगळं टेबलावर मांड. बॅच बदलताना जॉ बदलणं, ऑफसेट घालणं, पहिला पीस तपासणं यात सीएनसी तासन्‌तास उभी राहते. तो वेळ कुठे वाचेल, हे ऑपरेटरला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. वाचलेल्या वेळेचा ठरावीक वाटा पगारात द्यायचा, असं लेखी कबूल कर. मुदत तीन वर्षांची ठेव. सही समेट अधिकाऱ्यासमोर होऊ दे, म्हणजे करार सगळ्या कामगारांना लागू होईल, नव्याने येणाऱ्यांनाही.

पहिल्या बैठकीला सल्लागार पाठवू नकोस, स्वतः बस. आधी त्यांचं पूर्ण ऐकून घे, आकडा मग सांग. आणि एकदा दिलेला शब्द मंदी आली तरी पाळ. पुढच्या करारात तीच तुझी पत.

तुझा,
मामा