भय मोडावें कीं ऐकावें?

शिकणाराचें भय शिकविणारानें बळानें मोडावें, कीं तें ऐकून घ्यावें, हा प्रश्न वर्गांत बसून सोडविण्यापेक्षां पाण्याच्या कांठीं उभें राहून सोडविणें बरें. कारण तेथें चुकीच्या उत्तराची किंमत ताबडतोब मोजावी लागते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाहीं. एका अंगास वर्धा, दुसऱ्या अंगास पैनगंगा, आणि मध्यें काळ्या मातीच्या शेतांतल्या विहिरी. इकडील कित्येक पोरें पोहावयास शिकलीं तीं या विहिरींतच. पद्धति सर्वांच्या परिचयाची आहे. पाठीस वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून दोन दिवस हातपाय मारूं द्यावयाचे; तिसऱ्या दिवशीं मामा मागून येऊन पोरास खुशाल ढकलून देतो. पोर गटांगळ्या खातें, रडतें, आणि आठवड्यानें स्वतःच वरून उडी टाकतें. या पद्धतीच्या बाजूनें एक गोष्ट कबूल केली पाहिजे: ढकलणारा मामा पाठोपाठ स्वतःहि उडी घेतो. परंतु जीं पोरें या रीतीनें पाण्यास जन्माचीं दुरावलीं, त्यांची गणती कोणी ठेवीत नाहीं.

हल्लीं आमच्याकडील तरुण सुटींत मालवणास जातात. ज्यास पोहतांहि येत नाहीं अशालाहि तेथें पाठीवर हवेचें नळकांडें बांधून, वाटाड्या धरून नेऊन, समुद्राचा तळ दाखवितो. ही मौज आहे, शिक्षण नव्हे. ज्यास खरोखर स्कूबा शिकावयाचें आहे त्याच्यासाठीं जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची संस्था आहे. आणि या विद्येचे पहिले पाठ जगांत कोठेंहि घेतले तरी विहिरींत वाढलेल्या माणसास चकित करणारे आहेत.

विहिरींत बुडी मारणारा आधीं श्वास कोंडतो. येथला पहिला नियम असा कीं, श्वास कधींहि कोंडूं नये. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. कुस्तो व गान्याँ यांनीं १९४३ सालीं सिद्ध केलेलें यंत्र भोंवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मागणीबरोबर पुरवितें. ती छातीभर घेऊन, तोंड मिटून, कोणी वर धांवला, तर ती वाटेंतच दुप्पट होऊं पाहते आणि फुप्फुसें फाटतात. म्हणजे भ्यालेलें शरीर जी आज्ञा देतें, श्वास धर आणि वर पळ, तीच जीव घेणारी ठरते.

मग भय ऐकूंच नये काय? तसेंहि नाहीं. खालीं उतरतांना कान दुखूं लागला कीं तेथेंच थांबावें, थोडें वर यावें, नाक दाबून हलकेच फुंकावें. बळ करूं नये. शिवाय कोणाहि पाणबुड्यानें केव्हांहि अंगठा वर केला कीं बुडी संपली. जमिनीवर ज्या खुणेचा अर्थ ‘शाबास’, तिचा तेथें ‘वर चला’. कारण विचारावयाचें नाहीं, आणि सोबत्यानें कुरकुरावयाचेंहि नाहीं.

आमच्या मतें येथें एक भेद हातीं लागतो. भय बातमी बहुधा खरी आणतें. उपाय मात्र पुष्कळदां खोटा सांगतें. बातमी ऐकावयाची, उपाय विसरावयाचा. भय कशाचें धरावें व कशाचें धरूं नये हें जाणणाऱ्या बुद्धीस गीतेनें सात्त्विक म्हटलें आहे, आणि ज्यास कशाचेंच भय नाहीं त्यास ॲरिस्टॉटल शूर म्हणावयास तयार नाहीं, वेडा म्हणतो. विहिरीवरील मामा बातमी आणणाऱ्यासच मारतो. उलट तो खोटा उपाय विसरविण्यासाठीं पाणबुड्यांची शाळा नवशिक्यास उथळ पाण्यांत बसवून चष्म्यांत पाणी भरावयास लावते, तोंडांतली नळी काढून पुन्हां घालावयास लावते, आणि हाताला तें वळण पडेपर्यंत खोल नेत नाहीं.

सोबत्याची हवा संपली तर त्यास आपल्या नळकांड्यांतून हवा द्यावयाची, हाहि पाठ आरंभींच असतो. वाटाड्यानें धरून नेलेल्या प्रवाशावर कोणाचाच भार नसतो; शिकलेल्यावर दुसऱ्याचा श्वास सोंपविलेला असतो. असा माणूस आपलें भय लपवूं लागला, तर तें मर्दपण नव्हे, सोबत्याशीं अप्रामाणिकपणा होय. दर उन्हाळ्यांत विहिरींत, तळ्यांत पोरें बुडाल्याचें वर्तमानपत्रांत येतें. एकास काढावयास दुसरा उतरतो आणि दोघेहि जातात. त्यांतल्या कितींना आधीं ‘नको’ म्हणावयाचें होतें, हें आतां कोण सांगणार? आमच्या विहिरींच्या कांठावर ‘मला आज नको’ म्हणणाऱ्या पोरास अजून भित्रा म्हणतात, आणि म्हणणारांत त्याचा बापहि असतो.