न दिलेलं घेताना

आमच्या सासूबाई जैन श्राविका, दुसऱ्या प्रतिमेच्या, म्हणजे पायरीच्या, व्रती. पाच अणुव्रतं रीतसर घेतलेली, त्यात सत्य आलंच. श्रवणबेळगोळला जायचं म्हणून त्यांच्या फोनवर तिकिटाचं एक ॲप घेतलं आणि पहिल्याच पानावर घोडं अडलं. 'मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.' "कुठं आहेत अटी?" मी उघडून दाखवल्या. इंग्रजीत, बारीक अक्षरात, बोट सरकवावं तितक्या वाढणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मी वाचल्या नाहीत. मग वाचल्या म्हणून कसं सांगू?" नातवंडं हसली. "आजी, ते कुणीच वाचत नाही." "म्हणजे सगळेच खोटं सांगतात," एवढंच बोलून त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

मी सांगलीच्या दिवाणी कोर्टात वकिली केली. संमती या गोष्टीवरच माझं पोट चाललं. १८७२ च्या करार कायद्याचं तेरावं कलम म्हणतं की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य केली तर ती संमती. चौदावं कलम ती मोकळी कधी नसते ते सांगतं: धाक, गैरवाजवी दडपण, कपट, चुकीचं निवेदन, गैरसमज. पण कायदा विचारतो तो करार टिकला की नाही एवढंच. सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. माझ्याकडून जे वदवून घेतलं, त्याचं पाप कुणाच्या खात्यावर?

असं वदवून घेणं आता नित्याचंच झालंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. डार्क पॅटर्न हे त्यांचं नाव हॅरी ब्रिग्नल या इंग्रज डिझायनरनं २०१० मध्ये पाडलेलं. आपल्या यादीत तेरा प्रकार आहेत. त्यातला एक ग्राहकाला लाजवण्याचा, आणि उदाहरण विमानाच्या तिकिटाचं: विमा नको असेल, तर 'मी असुरक्षित राहीन' असं लिहिलेलं बटण दाबायचं. साधं 'नको' म्हणायची सोय नाही. नकार द्यायचा तरी तो प्रथमपुरुषी खोटं बोलूनच.

आता चोरीकडे येते. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय व्रतांचा आहे. न दिलेलं घेणं ही त्यातली चोरीची व्याख्या. रक्कम किती, समोरच्याच्या ध्यानात आलं की नाही, याला तिथं जागा नाही. बिलात आधीच टिक करून ठेवलेला विमा, न विचारता जोडलेली एक रुपयाची देणगी, हे सगळं त्यात बसतं. देणगीचं तर मला विशेष नवल वाटतं. दानाची थोरवी विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चौघांवर ठरते, असं तोच अध्याय सांगतो. इथं दात्याला आपण दाता आहोत याचाच पत्ता नाही. पैसे चांगल्या कामाला गेले असतीलही, पण त्याला दान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यातला चौथा मापांचा. घेताना मोठं माप, देताना लहान. माझ्या सासऱ्यांचं धान्याचं दुकान होतं आणि या एका दोषाला ते फार भीत. ॲपमध्ये हीच दोन मापं वेळेची असतात. सदस्य व्हायला एक टॅप पुरतो, बाहेर पडायला पानामागून पानं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला. प्राइमचं सदस्यत्व रद्द करण्याच्या वाटेला कंपनीत आपसात 'इलियड' म्हणत, असं त्यात नमूद आहे. होमरचं ते लांबलचक युद्धकाव्य! म्हणजे वाट लांब आहे हे कंपनीतल्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि वर त्याची गंमतही वाटत होती.

माझा भाचा पुण्यात बाणेरला ॲपची अशीच पानं बनवायच्या कामात आहे. मुलगा सरळ, दर पर्युषणात एकाशन करतो. त्याला धरलं, तर म्हणाला, "अगं आत्या, असं कुणी ठरवत नसतं. आम्ही दोन पानं बनवतो. निम्म्या लोकांना हे दाखवतो, निम्म्यांना ते. ज्यावरून जास्त लोक पुढं जातात, ते ठेवतो. ठरवतो तो आकडा."

पळवाट मोठी हुशारीची आहे. टॅप ग्राहकानं केला, निवड आकड्यानं केली, मान डोलावली ती मीटिंगनं. माणूस कुठंच नाही. पण आमच्याकडचा हिशोब असा सुटू देत नाही. मनात योजणं, साधनं जुळवणं, प्रत्यक्ष सुरू करणं, हे तीन. मन, वाणी, काया, हे तीन. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, दुसऱ्यानं केलेल्याला अनुमोदन दिलेलं, हेही तीन. तिन्ही त्रिकांचा गुणाकार सत्तावीस आणि प्रत्येकामागं क्रोध, मान, माया, लोभ, म्हणून एकशे आठ. जपमाळेच्या मण्यांचा एक अर्थ हाच सांगतात. भाच्याला म्हटलं, ज्या दिवशी तू ते तिरकं पान मनात आखलंस, त्याच दिवशी एक मणी सरकला. ते पान चाचणीत हरलं असतं, तरी सरकलेलाच राहिला असता. (मायेनं, म्हणजे कपटानं, तिर्यंचगती, म्हणजे पशुयोनी, मिळते हेही तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. ते मी त्याला सांगितलं नाही. जेवायला बसला होता.)

तो गप्प बसणारा नव्हे. "आणि प्रमाद? न बघता टॅप करणं हा ग्राहकाचा प्रमाद नाही का?"

मुद्दा बरोबर होता. आमच्या मुनींना ईर्यासमिती सांगितली आहे, चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचं. गाफीलपणाला माफी नाही. पण तिथली जमीन मुनींना चुकवायला टपलेली नसते. इथं मी 'नको'वर बोट नेते, तेवढ्यात वरून जाहिरात उतरते, पान खाली सरकतं आणि बोटाखाली दुसरंच काही येतं. डोळे उघडे ठेवून चालणाऱ्यालाही पाडता यावं, म्हणून जो जमीन हलवतो, त्यानं दुसऱ्याचा प्रमाद मोजू नये. हाताला मनाची साथ नसताना जे घडलं, ते सासूबाईंच्या खात्यावर लिहायला मी तयार नाही. मन कुठं होतं ते शोधायचं, तर बाणेरला जावं लागेल.

जून २०२५ मध्ये आपल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये तिकडं ॲमेझॉननं अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली, दोष कबूल न करता. आमच्याकडं प्रायश्चित्ताचे नऊ भेद आहेत आणि त्यांतला पहिला आलोचना, म्हणजे आपला दोष सांगणं. ती एकट्यानं करायची नसते, गुरूसमोर करायची असते. तिचेही दहा दोष सांगितलेत. इतरांनी पाहिला तेवढाच दोष सांगणं हा एक. शब्दाकुलित नावाचा आणखी एक आहे: सगळ्यांचा गलबला चालू असताना, गुरूला नीट ऐकूच जाणार नाही अशा बेतानं आपला दोष सांगून टाकायचा.

हा दोष भाच्याला समजावून सांगितला, तर तो ताटावरून मान वर करून म्हणाला, "आत्या, हे आमच्याकडं लीगल टीम बघते."