दुसऱ्याच्या हाताचे माप

शास्त्रपाठ : २ करिंथ १२:७–१०; प्रेषितांची कृत्ये ९:३६–४२



पाठीच्या मणक्याचे दुखणे, जुनाट संधिवात अशा वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या वेदनेविषयी मंडळीत फारसे बोलले जात नाही. सुरुवातीस प्रार्थनेला येणारे पुष्कळ असतात. पुढे विचारपूसही विरळ होते. मग रात्री एक प्रश्न मनाला पोखरू लागतो : माझा विश्वासच उणा पडला काय?

पौलाने आपल्या देहातील काटा दूर व्हावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही. प्रभूची कृपा मात्र त्याला पुरली. पौलाचा विश्वास उणा होता, असे कोण म्हणेल?

अशा दुखण्यात कोणी लोकर व सुया घेऊन हातमोजे विणू लागते, तेव्हा दुसरी शंका येते : विणकामात मन रमवणे ही देवापासून पळवाट तर नव्हे? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी असा सिद्धान्त मांडला की, वेदनेच्या संदेशाला मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागते. ते कधी अधिक उघडते, कधी अर्धवट मिटते. पुढे या सिद्धान्तात सुधारणा झाल्या. परंतु लक्ष दुसरीकडे वळले असता वेदना सौम्य भासू शकते, हे खरे ठरले आहे. ज्याने हा देह घडवला, त्यानेच हे दारही ठेवले. त्याचा उपयोग करणे हा अविश्वास कसा?

हातमोजा तर पुरते लक्ष मागतो. मनगटाशी दोन सुलट, दोन उलट. अंगठ्याची जागा आली की तेवढे टाके वेगळ्या धाग्यावर ओवून ठेवायचे. मग एकेक बोट. टाके मोजता मोजता वेदना नाहीशी होत नाही. पण थोडा वेळ ती घराची मालकीण राहत नाही.

आणखी एक गोष्ट घडते. वेदना माणसाला स्वतःपुरते आक्रसून टाकते. हातमोजा मात्र दुसऱ्याच्या हाताच्या मापाने विणावा लागतो. यापो येथील टबीथा मरण पावली, तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखवली. स्वतः प्रभूनेही वधस्तंभावरील यातनांत आपल्या आईची सोय लावली आणि शेजारच्या अपराध्याला आशा दिली. दुःखातही दुसऱ्याकडे वळलेले मन त्याच्या अगदी जवळ असते.

तरीही विणकामाचे ओझे होऊ देऊ नका. औषधोपचार सोडू नका. बोटे दुखू लागण्यापूर्वीच थांबा. एखाद्या दिवशी सुई धरवणारही नाही. त्या दिवशी ती बाजूला ठेवा. देवाची कृपा टाक्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. आपल्या लोकांना त्याने आपल्या तळहातांवर कोरून ठेवले आहे, असे यशया सांगतो (४९:१६).

आणि ज्यांना देवाने आज निरोगी ठेवले आहे, त्यांना एक विनंती. अशा आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा उपदेश थोडा करा. लोकरीची लडी आपल्या दोन्ही हातांवर धरून बसा आणि त्यांना गुंडा करू द्या. तेवढा वेळ तुमचे हात त्यांच्या कामी येतील, आणि ते एकटे नसतील.

हे प्रभू, दुखऱ्या हातांनाही तू काम देतोस, याबद्दल तुझे उपकार मानतो. आमेन.