स्वामीविना निष्ठा : ‘उसागी योजिंबो’मधील धर्मविचार

स्टॅन साकाई यांची १९८४पासून चालत आलेली ‘उसागी योजिंबो’ ही चित्रकथामालिका सतराव्या शतकाच्या आरंभीच्या जपानमध्ये घडते, आणि तिचा नायक मियामोतो उसागी हा सशाच्या रूपातील रोनिन, म्हणजे स्वामी गमावलेला सामुराई, आहे. ज्याच्या आज्ञेत कर्तव्याचा उगम मानला तो स्वामीच रणात पडल्यावर कर्तव्य उरते काय, हा या मालिकेचा मूळ प्रश्न होय. स्वामीमागे प्राण देण्याची ‘जुन्शी’ ही प्रथा शोगुनच्या शासनाने पुढे १६६३मध्ये निषिद्ध केली; कथेच्या काळात ती अजून चालू होती. उसागी मात्र जगतो, आणि निष्ठेचा विषय व्यक्तीकडून न्यायाकडे वळवतो.

‘ग्रासकटर’ या दीर्घकथेत ११८५च्या दान-नो-उराच्या युद्धात समुद्रात हरवलेले पौराणिक खड्ग त्याच्या हाती येते; सत्ताकांक्षी त्यासाठी रक्त सांडत असताना तो सान्शोबो या सामुराईचा पुरोहित झालेल्या मित्रासह ते अत्सुता मंदिराच्या हवाली करण्याचे ठरवतो.

याहूनही कठीण कसोटी ‘सर्कल्स’मध्ये आहे. पूर्वीची प्रेयसी आणि आता दुसऱ्याची पत्नी असलेल्या मारिकोचा मुलगा जोतारो आपलाच पुत्र आहे, हे कळूनही तिचा संसार मोडू नये म्हणून उसागी मौन पत्करून निघून जातो. येथे ‘गिरी’, म्हणजे समाजाने लादलेले कर्तव्य, आणि ‘निंजो’, म्हणजे अंतःकरणाची ओढ, यांचा झगडा तलवारीने सुटत नाही, आणि त्या त्यागाचे दुःख लेखक कोठेही हलके करीत नाही. शौर्याच्या सर्व प्रसंगांपेक्षा हे मौनच मालिकेतील सर्वांत थोर नैतिक कृत्य ठरते.