सकाळी बटण कोण दाबतं?

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात एक जुना डेस्कटॉप होता. पुस्तकांची सगळी दाखल नोंद त्यात, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नाही. थंडी सुरू झाली तसा तो सकाळी लागेना. बटण दाबलं की पंखा जरासा फिरे आणि थांबे. लागलाच तर देवघेवीच्या ऐन गर्दीत हँग होई, माउससुद्धा हलत नसे.

दुकानातून एक तरुण आला. हुशार, हाताला चपळ. त्याने रॅमच्या कडा खोडरबराने घासल्या, धूळ उडवली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल नवा टाकला. एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, हिरवी आणि काळी वायर जोडून पाहिली; त्याचा पंखा फिरला, म्हणून तो ठीक ठरला. यातलं एकही काम वाईट नव्हतं. पण सगळं एका दमात केल्यावर कशाने काय झालं, हे कळणार कसं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारू," तो म्हणाला. ग्रंथपाल नोंदींच्या काळजीने पुढे सरसावले आणि त्यांनी ते थांबवलं. बरं केलं. विंडोज सुरू होण्याआधीच जे बंद पडतं, त्याचा दोष विंडोजच्या माथी मारता येत नाही.

मग दुकानाचे मालक स्वतः आले. पिशवीतून पेचकस काढण्याआधी त्यांनी विचारलं, "सकाळी हा चालू कोण करतं?"

ग्रंथपालांनी शिपाई मावशींना हाक मारली.

"मंगळवारी लई छळतो बघा," मावशी म्हणाल्या. "सोमवारी सुट्टी असती ना. तीन-चारदा दाबलं की मग लागतो. एकदा तापला की बंद करून परत लावा, लगेच लागतो."

"आणि अडकतो कधी?"

"झेरॉक्स चालू केलं की. तवा लाइटबी जरा बारीक होती."

"मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?" तरुणाने विचारलं.

"कुणी इचारलंच न्हाई."

मालकांनी एसएमपीएसच्या जाळीतून आत टॉर्च मारला. दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली होती. असे म्हातारे कपॅसिटर गारठ्यात आणखी कमजोर होतात आणि ऊब मिळाली की थोडं काम देतात. दिवसभराच्या सुट्टीनंतर यंत्र गार पडणार, म्हणून मंगळवार. झेरॉक्स तापताना विजेचा दाब क्षणभर पडतो. चांगला एसएमपीएस तेवढं निभावून नेतो, याच्यात ती ताकद उरली नव्हती. मशीन कामात असताना १२ व्होल्टच्या वायरवर मीटर ११.१ दाखवत होता, ११.४ च्या खाली जायला नको. "नुसता पंखा फिरला म्हणजे ओझं पेलतं असं नाही," ते तरुणाला म्हणाले. बंद केल्यावरही आत जीवघेणा विद्युतभार साठलेला असू शकतो, म्हणून तो डबा उघडू दिला नाही. आधी हार्डडिस्क दुसऱ्या मशीनला लावून नोंदींची प्रत काढली, आणि मग एसएमपीएस तेवढा बदलला. दुसरं काहीही नाही.

पुढच्या मंगळवारी मावशींनी एकदाच बटण दाबलं.

दुकानातल्या जॉब रजिस्टरात 'तक्रार' या रकान्याशेजारी तरुणाने पट्टीने नवी रेघ ओढली आणि वर लिहिलं : केव्हा होतं, आणि रोज कोण वापरतं.